सगळे म्हणतात म्हणजे नेमकं कोण?

ताई,
मी नागपूरला मनीषनगरमध्ये राहते, बँकेत नोकरीला आहे. माझी आई शिक्षिका होती. गेल्या वर्षी ती गेली. जाताना सहा लाख रुपये "मुलींच्या शिक्षणाला दे" म्हणून माझ्या हवाली करून गेली. काकाजी, आईच्या शाळेतल्या एक बाई, आमचे साहेब, सगळेच एका मोठ्या वसतिगृहाचं नाव सांगतात. मी तिथे जाऊन आले. इमारत छान आहे, मुलींनी स्वागतगीत म्हटलं. पण दहावीनंतर मुली काय करतात असं विचारलं, तर "खूप जणी पुढे गेल्या" एवढंच उत्तर मिळालं. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत दोघीजणी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतात. तिथे टिनाचं छत आणि एक फळा, बस्स. पण त्यांच्याकडे रजिस्टर होतं, आणि वर्ग सोडून गेलेल्या प्रत्येक मुलीच्या नावापुढे का सोडला ते लिहिलेलं होतं. मला ती जागा पटली. काकाजी म्हणाले, "पाचामुखी परमेश्वर असतो बेटा. एवढ्या लोकांपेक्षा तू शहाणी झालीस का?" तेव्हापासून मला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झालाय. त्यात आमच्या स्कीममध्ये, म्हणजे आमच्या सोसायटीत, गणपतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे कुठे द्यायचे, हे सुचवायचं काम माझ्याकडे आलंय. तिथे माझं मत सांगू की सगळ्यांचं?
– गोंधळलेली

प्रिय मैत्रिणी,

आईचा शब्द आणि आईचे पैसे, दोन्ही हातात असताना जीव धास्तावणारच. काकाजींचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. पाचामुखी परमेश्वर असतो, हे मीही मानते. पाच जणांनी आपापल्या डोळ्यांनी पाहून एकच गोष्ट सांगितली, तर त्यांच्यापुढे एका संध्याकाळच्या भेटीवरून बनलेलं तुझं मत मी हलकंच धरेन. पण या तिघांपैकी तिथे गेलंय कोण, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. काकाजींना विचार, "तुम्ही तिथे शेवटचे कधी गेला होता?" बाईंना विचार, "तुम्हाला कोणाकडून कळलं?" उलटतपासणीचा सूर नको, साधं विचार. बाईंनी काकाजींकडून ऐकलंय आणि काकाजींनी कुणा समारंभात, असं निघालं, तर तुझ्याजवळ एकच मत आहे, ते तीन तोंडांनी ऐकू आलं एवढंच. आणि बाईंची एखादी विद्यार्थिनी तिथे राहून शिकली असेल, बाई तिला भेटायला जात असतील, तर त्यांचा शब्द तुझ्यापेक्षा जड आहे. तो मनापासून मान.

दुसरं काम आज रात्रीच कर. आणखी कोणाला विचारण्याआधी कागद घे आणि दोन्ही ठिकाणांबद्दल तुला स्वतःला काय वाटतं ते लिही. प्रत्येक वाक्यापुढे "पाहिलं" किंवा "ऐकलं" असं लिही, ऐकलं असेल तर कोणाकडून तेही. गेलेल्या मुलींची कारणं रजिस्टरमध्ये होती: पाहिलं. वसतिगृहाचं काम जुनं आहे: ऐकलं, काकाजींकडून. दोघीजणी प्रामाणिक वाटल्या: हे पाहिलंही नाही आणि ऐकलंही नाही, हा तुझा अंदाज, तोही तसाच नोंदव. हा कागद आधीच तयार हवा. दहा जणांशी बोलणं झालं की कुठलं मत मूळचं आपलं आणि कुठलं नंतर येऊन चिकटलं, ते आपल्यालाच सांगता येत नाही. तुझंच बघ ना. काकाजी बोलले म्हणून त्या रजिस्टरमधलं एक अक्षरही बदललं नाही, तुझा धीर मात्र खचला.

आता तुझ्या मताकडेही कडक नजरेने पाहू. टिनाचं छत हा सचोटीचा पुरावा होत नाही, आणि गुळगुळीत फरशी म्हणजे काही काळंबेरं आहे असंही नाही. साधेपणा पाहून आपल्याला चटकन भरून येतं, तिथे सांभाळ. शिवाय ही दोन कामं एका जातीची नाहीत. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावातल्या मुलीला राहायला जागाच नसेल, तर संध्याकाळचा वर्ग तिच्या काय कामाचा? वसतिगृहाचा माणशी खर्च जास्त असणारच. "खूप जणी पुढे गेल्या" म्हणणारा माणूस कदाचित फक्त पाहुण्यांना फिरवणारा असेल, यादी दुसऱ्याच कोणाकडे असेल. पुन्हा जा, सचिवांना भेट आणि तोच प्रश्न नेमका करून विचार: तीन वर्षांपूर्वी दहावीला ज्या मुली होत्या, त्या आज कुठे आहेत?

हा प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. आपल्या विदर्भातच याचा धडा आहे. डॉक्टर दांपत्य अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत हे काम केलं, आणि जिथे केलं नाही अशा ४७ गावांतलेही जन्म-मृत्यू मोजले. सुरुवातीला काम असलेल्या गावांत हजार बाळांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती, तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. तोपर्यंत त्यांच्या नावाला मान होताच, नुसत्या नावावरही लोकांनी विश्वास ठेवला असता. तरी त्यांनी दगावलेली बाळंसुद्धा मोजली. तुझ्या दोघीजणींनी गेलेल्या मुलींची कारणं लिहून ठेवलीत, त्यात मला हीच वृत्ती दिसते. तुझी नजर नेमकी तिथे गेली, म्हणून तुझ्या मताला मी किंमत देते.

जिथे आपल्याला कळत नाही, तिथे मात्र बेधडक दुसऱ्याचं ऐकावं. हिशेब वाचणं हे सीएचं काम. दोन्हीकडचे गेल्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट माग आणि ओळखीच्या सीएला दाखव, संस्थेचं नाव झाकून दाखवलंस तर उत्तम. नोंदणीकृत ट्रस्टला दरवर्षी ऑडिट झालेले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात. विश्वस्त कोण आहेत ते तिथल्या ट्रस्टच्या नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट १ मध्ये, असतं, आणि विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. हे कार्यालय नागपुरात आहे, चौकशी करता येते. दोघीजणींचा वर्ग नोंदणीकृत नसला तर घाबरू नकोस, पण मग पैसे कोणाच्या खात्यात जाणार आणि पावती कोण देणार हे आधी ठरव. आणि "त्यांच्याकडे ८० जी आहे" असं कोणी सांगितलं, तर त्याने देणगीदाराला करात सवलत मिळू शकते, एवढंच. मुली शिकतात की नाही, ते त्या कागदावर नसतं.

पैशांचं काय? सहाही लाख एकदम देऊ नकोस. काकाजी, बाई, सीए, सचिव यांच्याकडून काय मिळालं ते तुझ्या कागदाशेजारी मांड आणि मग ठरव. मत बदललं तर बदलू दे, फक्त कशामुळे बदललं ते तुला सांगता आलं पाहिजे. नाही बदललं, तर एका वर्षाचा खर्च अभ्यासवर्गाला दे आणि वर्षाने पुन्हा रजिस्टर बघ. मला विचारशील तर माझा कल आज तिकडेच आहे. पण मी दोन्ही जागा पाहिलेल्या नाहीत, जे सांगते ते तुझ्या पत्रावरून. तेव्हा माझंही नाव "ऐकलं"मध्येच टाक.

स्कीमच्या मीटिंगमध्ये तर हा फरक जास्तच पाळ. तिथे तुझ्या शब्दावर चाळीस घरं मान डोलावतील आणि उद्या शेजारच्या स्कीममध्ये सांगतील, "मनीषनगरवाल्यांनी चौकशी करून दिलेत." चौकशी झाली ती तुझ्या एकटीची! म्हणून सरळ बोल: "मी दोन्हीकडे एकेकदा गेले, मला हे दिसलं. वसतिगृहाबद्दल जाणती माणसं चांगलं बोलतात, त्यातल्या इतक्यांनी स्वतः पाहिलंय. हिशेब मला कळत नाहीत, ते सीएंनी पाहिले." काकाजींचं मत स्वतःचं म्हणून खपवू नकोस, आणि स्वतःचं मत "सगळे म्हणतात"च्या आड लपवू नकोस. निकाल कमिटीला लावू दे.

त्याआधी काकाजींना एकदा त्या वर्गावर घेऊन जा. वाटेत तुझं मत सांगू नकोस, रजिस्टरचा विषयही काढू नकोस. त्यांना बसू दे, मुलींशी बोलू दे, काय विचारायचं ते विचारू दे. घरी आल्यावर चहा झाला की आधी त्यांना बोलू दे.

तुझी,
ताई