कार चालवता येते, मग फोर्कलिफ्टसाठी वेगळं लायसन्स कशाला?

तुम्ही विचारलंय की कारचं लायसन्स आहे, सुपरवायझर म्हणतात उद्यापासून फोर्कलिफ्टवर बस, तर वेगळं लायसन्स खरंच लागतं का आणि त्यात किती दिवस जातात. लागतं. ते हातात येईपर्यंत सीटवर बसू नका.

मलाही असंच बसवलं होतं. बारा वर्षं कार चालवलेली, दोन दिवसांत पॅलेटवर (माल रचायच्या लाकडी चौकटीवर) हात बसला, सहा महिने कुणी काही विचारलं नाही. मग एक पेटी आली. वजन 2,200 किलो, लांबी 2 मीटर, रुंदी 1 मीटर. दोन्ही बाजूंना माल लागलेला, समोर फक्त तिची अरुंद बाजू मोकळी. शेजारचा माल हलवायला पंधरा मिनिटं लागली असती. सुपरवायझर म्हणाले, "गाडी अडीच टनाची आहे, पेटी सव्वादोन टनही नाही. उचल."

उचलली. जेमतेम वीतभर वर आली. मागे घ्यायला लागलो तर स्टेअरिंग एकदम हलकं. फिरवतोय, पण गाडी वळेना. फोर्कलिफ्टची वळणारी चाकं मागे असतात आणि ती जमिनीवरून सुटली होती. पेटीचं पुढचं टोक आपटलं, फळ्या फुटल्या, मागची चाकं धाडकन खाली आली. तो दणका कमरेत बसला. हेल्पर क्षणभर आधी बाजूला झाला होता म्हणून वाचला. रिपोर्टमध्ये काय लिहिलं? ऑपरेटरची चूक. सुपरवायझर अजूनही म्हणतात, "तुझा हात कच्चा होता."

नंतर ट्रेनिंगला गेलो. पहिल्याच दिवशी ट्रेनरने गाडीवरची कपॅसिटी प्लेट वाचायला लावली: 2,500 किलो, 500 मिमी. म्हणजे मालाचा मध्य फोर्कच्या (माल उचलणाऱ्या दोन दांड्यांच्या) उभ्या पाठीपासून 500 मिमीपर्यंत असेल तरच अडीच टन. या अंतराला लोड सेंटर म्हणतात. मध्य जितका लांब, तितकी गाडी पुढे झुकते आणि पेलायची ताकद कमी होते. माझ्या पेटीचा मध्य होता 1,000 मिमीवर. हीच पेटी लांब बाजूने उचलली असती तर मध्य बरोब्बर 500 वर आला असता. पंधरा मिनिटांचं काम होतं. माझा हात कच्चा नव्हता. प्लेट मला कुणी शिकवली नव्हती आणि हुकूम सोडणाऱ्यालाही ती वाचता येत नव्हती.

दिवस म्हणाल तर नवख्याला साधारण 3 ते 5. लेखी परीक्षा, मग प्रत्यक्ष: सुरू करण्याआधीची तपासणी, माल रचणं, रिव्हर्स. कारची सवय उलट नडते, कारण वळताना इथे मागचा भाग बाहेर फेकला जातो. आणि गाडी कलंडली तर उडी मारायची नाही. बेल्ट लावलेला हवा, स्टेअरिंग घट्ट धरायचं आणि पडते त्याच्या उलट बाजूला झुकायचं. उडी मारणारेच गाडीखाली सापडतात.

साहेबाला नाही म्हणणं जड जातं, मान्य. मग त्यांना एवढंच विचारा की आपल्या गाडीच्या प्लेटवर लोड सेंटर किती लिहिलंय. उत्तर देता आलं नाही, तर ट्रेनिंगला त्यांनाही बरोबर घेऊन जा.

हे सगळं काउंटरबॅलन्स गाडीबद्दल, म्हणजे मागे जड वजन बसवलेली नेहमीची फोर्कलिफ्ट. रीच ट्रकचं (उंच रॅकवरचा माल काढणाऱ्या गाडीचं) ट्रेनिंग वेगळं असतं. शिवाय कुठे हे लायसन्स, म्हणजे सर्टिफिकेट, मालक देतो, कुठे बाहेरची संस्था, तेवढं तुमच्याकडचं बघून घ्या.