पगार सोडून पीएचडी? न्यू जर्सीच्या एका बाबांना उत्तर

नमस्कार,

पत्र पोचलं. मुलगी अमेरिकेतच जन्मली-वाढली, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, नोकरीची ऑफर हातात आहे, आणि ती म्हणतेय पीएचडी करणार, त्यासाठी तिथल्या ऊर्जा खात्याच्या कॉम्प्युटेशनल सायन्स (म्हणजे संगणकावर गणितं मांडून केलेलं विज्ञान) ग्रॅज्युएट फेलोशिपला अर्ज करणार. ‘चांगला पगार सोडून विद्यावेतनावर दिवस कशाला काढायचे?’ हा तुमचा सवाल.

आधी पैशांचं बोलू, कारण निम्मं पत्र त्यावरच आहे. या फेलोशिपमध्ये सध्या वर्षाला ४५,००० डॉलर विद्यावेतन, ट्यूशन आणि फी पूर्ण, जास्तीत जास्त चार वर्षं. पगारापुढे आकडा तोकडाच दिसणार, त्यावर मी वाद घालत नाही. एक मात्र तिला आत्ताच सांगून ठेवा: या रकमेतून कर सहसा आधी कापला जात नाही, पण भरावा लागतोच. एप्रिलमध्ये कर भरताना डोळे पांढरे झालेली मुलं पाहिली आहेत मी.

माझ्या मते खरी कमाई दुसरीकडे आहे. तिथला पीएचडीचा विद्यार्थी बहुतेक वेळा गाइडच्या ग्रँटवर, म्हणजे त्याला मिळालेल्या संशोधन निधीवर जगतो. ग्रँट ज्या विषयाची, तोच त्याचा विषय. ती संपली की टीए, म्हणजे शिकवण्यातला मदतनीस व्हायचं, पहिल्या वर्षाच्या मुलांचे गठ्ठे तपासायचे आणि स्वतःचं काम रात्री अकरानंतर. फेलोशिप मिळाली तर तुमची मुलगी आपल्या खर्चाचे पैसे आपल्यासोबत घेऊन जाईल. गाइडशी नाहीच पटलं, तर दुसऱ्याच्या दारात ‘माझ्यासाठी पैसे आहेत का?’ असं विचारत उभं राहायला नको.

दुसरी गोष्ट, बारा आठवडे एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत काढावे लागतात. ओक रिज, आर्गॉन, लॉरेन्स लिव्हरमोर, अशी ठिकाणं. ओक रिजचा ‘फ्रंटियर’ २०२२ मध्ये जगातल्या वेगवान महासंगणकांच्या टॉप ५०० यादीत एक्झाफ्लॉप (सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं) ओलांडणारा पहिला महासंगणक ठरला. गंमत म्हणजे तिथलं काम प्रबंधाच्या विषयापेक्षा वेगळं असावं अशी अपेक्षा असते. समजा, ती जेट इंजिनातल्या ज्वलनावर काम करतेय आणि उन्हाळ्यात हवामानाच्या मॉडेलवर बसली. आधी वैतागेल. मग लक्षात येईल की प्रवाहाची समीकरणं त्याच घराण्यातली आहेत, आणि कोड हजारो प्रोसेसरवर वाटायला गेलं की तो तिथेही तसाच अडतो.

पुण्याच्या पुतण्याबद्दलही तुम्ही विचारलंय; त्याला मात्र हा मार्ग बंद आहे. अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच अर्ज करू शकतात, एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा चालत नाही. पण फेलोशिप सुरू झाली त्याच १९९१ साली पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला होता, तेव्हा त्याने आधी घराजवळ बघावं. बंगळूरच्या आयआयएस्सीत कॉम्प्युटेशनल अँड डेटा सायन्सेसचा स्वतंत्र विभागच आहे.

मुलीच्या अर्जाची मुदत साधारण जानेवारीत असते. त्यात विज्ञान किंवा इंजिनिअरिंग, गणित आणि संगणक या तिन्ही बाजूंचे कोणते कोर्स घेणार आणि का, हे मांडावं लागतं. मेकॅनिकलची मुलं इथेच घसरतात. दोन ओळी खरडून मोकळी होतात. ती यादी तिला आधी लिहायला सांगा. आणि शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांना दिवाळीच्या आत गाठायला सांगा. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर ते कुणाच्या हाती लागत नाहीत.