घरभर लावलेल्या वायरलेस स्पीकरमधलं गाणं मध्येच का तुटतं?

नव्या टॉवरमधला थ्री बीएचके, चार खोल्यांत वायरलेस स्पीकर, सगळीकडे एकच गाणं लावलं की मध्येच आवाज जातो. ब्रॉडबँड ३०० एमबीपीएस आहे, आणि दुकानदार म्हणतो, प्लॅन वाढवा नाहीतर अजून एक मेश युनिट, म्हणजे वायफाय पुढच्या खोल्यांत पोचवणारा डबा, घ्या. तुम्ही विचारलंय, यातलं आधी काय करू?

दोन्ही करू नका.

सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, डावा आणि उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केलात तर १४११ केबीपीएस येतात, म्हणजे दीड एमबीपीएससुद्धा नाही. चारही खोल्यांना वेगवेगळा प्रवाह गेला तरी सहाच्या आत. तुमच्या ३०० मध्ये ते सहज मावतं, जुन्या ४० च्या प्लॅनमध्येही मावलं असतं. त्यामुळे स्पीड टेस्टचे आकडे इथे कामाचे नाहीत. अडचण घराच्या आत आहे, राउटरपासून स्पीकरपर्यंत, आणि तिथे प्रश्न वेगाचा नसतो, वेळेवर पोचण्याचा असतो. चार खोल्या एका सुरात वाजायच्या तर आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर तो कधी वाजायचा ती वेळ घातलेली असते. तुकडा उशिरा आला तर स्पीकर तो टाकून देतो, कारण बाकीच्या खोल्या पुढे गेलेल्या असतात. म्हणजे जे तुटतं ते नंतर वाजत नाही. गेलं ते गेलं.

दुकानदाराचं ते वाक्य मी शब्दशः ऐकलेलं आहे, म्हणून लिहायला बसले.

ठाण्यात घोडबंदर रोडला दादाच्या नव्या घरात अगदी हेच झालं. आई किराणा घराण्याचं गाणं शिकलेली. आता गाणं होत नाही, ऐकणं मात्र सुटलेलं नाही. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की तिचं विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतलं गाणं, सुरू होतं, आणि हॉल, स्वयंपाकघर, तिची खोली अशी ती वावरत ऐकते. दादाने तिच्यासाठीच हौसेनं घरभर स्पीकर लावले होते. विलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण मिनिटापर्यंत जातं. एवढा वेळ थांबून मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, येतो, आईचं बोट मांडीवर अकरावी मात्रा दाखवतं, बारावी दाखवतं, आणि नेमका तिथे आवाज जायचा. दोन सेकंदांनी परत यायचा तेव्हा सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, होऊन गेलेली असायची. ज्याला ताल कळत नाही त्याच्या दृष्टीने दोन सेकंद गेले. तिच्या दृष्टीने अख्खं आवर्तन गेलं. शेवटी ती म्हणायला लागली, "नकोच लावू बाई, त्यापेक्षा शांतता बरी."

दुकानदाराचा माणूस आला. मी ऑफिसांच्या नेटवर्कचंच काम करते, हे त्याला सांगितलं. तरी तो दादाकडेच बघून बोलत राहिला. त्याच्या सांगण्यावरून तिसरं मेश युनिट आलं आणि तुटणं वाढलं. वाढणारच होतं. मेशची युनिटं एकमेकांशीही हवेतूनच बोलतात. एकाच रेडिओवरून घ्यायचं आणि त्याच रेडिओवरून पुढे द्यायचं, तर प्रत्येक टप्प्याला क्षमता साधारण अर्धी होते. शिवाय त्याच हवेत अजून एक बोलणारा वाढतो.

खरा माग लावला तो आईने. मी तिला म्हटलं, कधी तुटतं ते लिहून ठेव. तिने कालनिर्णयच्या पानावर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, पेन्सिलीने लिहिलं होतं: "मी लावलं, सगळीकडे गेलं." दुसऱ्या चौकोनात: "तिने लावलं, फक्त माझ्या खोलीत गेलं." ती म्हणजे वहिनी. एवढ्या दोन ओळींत रोगाचं निदान होतं. बऱ्याच सिस्टिममध्ये चारही स्पीकर इंटरनेटवरून वेगवेगळं गाणं खेचत नाहीत. एक स्पीकर पुढारी होतो, तो गाणं घेतो आणि बाकीच्यांना वाटतो. अनेकदा तुम्ही ज्या खोलीतून गाणं सुरू करता तोच पुढारी. आई आपल्या खोलीतून लावायची, तिथे सिग्नल सगळ्यात कमकुवत, म्हणून अख्खं घर गप्प व्हायचं. वहिनी हॉलमधून लावायची, तेव्हा फक्त आईचीच खोली जायची.

तुम्हीही आधी एवढंच बघा. सगळ्या खोल्या एकदम जातात की एकच जाते? एकदम जात असतील तर पुढारी बदला, म्हणजे राउटरच्या सगळ्यात जवळच्या खोलीतून गाणं सुरू करा आणि बाकीच्या खोल्या त्यात जोडा. एकच जात असेल तर दोष त्या खोलीच्या वाटेत आहे. आयफोनवरून एअरप्ले २ ने, म्हणजे फोनमधूनच स्पीकरना आवाज पाठवून, लावत असाल तर मात्र पुढारी तुमचा फोन असतो. फोन खिशात घालून बाल्कनीत गेलात की सगळ्यांचं तुटेल.

आईच्या खोलीच्या वाटेत काय होतं? नव्या टॉवरमध्ये अॅल्युमिनियमच्या साच्यात अख्खा मजला काँक्रीटने ओततात, बिल्डर त्याला मायव्हान म्हणतात. त्यात वीट कुठेच नसते. दोन खोल्यांमधली साधी भिंतसुद्धा काँक्रीटची आणि आत सळईची जाळी. त्यात आईच्या खोलीतलं मेश युनिट इंटिरियरवाल्याने आरसा लावलेल्या कपाटामागे लपवलेलं, कारण दिसायला नको. आरशाच्या पाठीला धातूचा थर असतो, त्यातून रेडिओ लहरी जात नाहीत. आणि फायबरवाल्याचा डबा दारापाशी शू रॅकमध्ये बंद, तोही आपलं वेगळं वायफाय फेकत होता. म्हणजे घरातच दोन नेटवर्क, फोन एकावर आणि स्पीकर दुसऱ्यावर. मग कधी अॅपमध्ये खोली दिसायची, कधी गायब.

डब्याला ब्रिज मोडवर टाकलं, म्हणजे त्याने इंटरनेट नुसतं पुढे द्यायचं, आणि त्याचं वायफाय बंद केलं. तिसरं मेश काढून टाकलं. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमधल्या चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली आणि चॅनेल ऑटोवर न ठेवता १, ६, ११ यांतला सगळ्यात मोकळा होता तो पक्का केला. टॉवरमध्ये शेजारपाजारची इतकी नेटवर्क असतात की रुंद चॅनेलचा हव्यास धरण्यात अर्थ नाही. एवढ्यावर हॉल आणि स्वयंपाकघर सुधारलं. आईची खोली नाही.

मग वायर. काँक्रीटच्या भिंतीला झिरी मारता येत नाही, मारूही नये. पण बिल्डरने दारावरच्या बॉक्सपासून प्रत्येक खोलीत टीव्हीच्या वायरचा पाइप ओतकामातच बहुधा टाकून ठेवलेला असतो. आईच्या खोलीत टीव्ही नाही, ती टीव्हीची कोअॅक्सियल वायर नुसती पडून होती. ती साधारण सात मिलिमीटर जाड असते आणि कॅट ६, म्हणजे नेटवर्कची वायर, साधारण सहा. म्हणजे जुनी वायर जिथून गेली तिथून नवी जाणारच. नव्या वायरच्या जोड्या कमी-जास्त लांबीला कापून टोक निमुळतं केलं, जुन्या वायरीला घट्ट टेप मारून जोडलं, वरून टाल्कम पावडर चोळली. आत इलेक्ट्रिशियन हळूहळू ओढत होता आणि दारापाशी मी सरळ करून सोडत होते. एका वळणावर अडली. तिथे जोर करायचा नसतो, टेप सुटली तर दोन्ही वायरी जातात. हातभर मागे घेतली, थोडी फिरवली, पुन्हा पावडर, आणि गेली. मेश युनिट आता त्या वायरीवर आहे, कपाटामागून काढून टेबलावर ठेवलेलं. त्यानंतर आईचं विलंबित तुटलेलं नाही.

आता जे दादाला पझेशनच्या आधी सांगितलं होतं तेच तुम्हालाही सांगते. पीओपी व्हायच्या आधी प्रत्येक खोलीत एक कॅट ६ ओढून घ्या. जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर द्यायची. टीव्ही, मेशची युनिटं, प्रिंटर, कॅमेरे, आणि सोय असेल तर स्पीकरसुद्धा. हवा फोनसाठी आणि लॅपटॉपसाठी मोकळी ठेवायची. तेव्हा इंटिरियरवाला म्हणाला होता, "ताई, आता कोण वायर घालतं?" आणि दादा त्याच्या बाजूने बोलला. जगातली सगळी डेटा सेंटरं वायर घालतात. दादाच्या ऑफिसात त्याच्या टेबलाखाली वायर आहे. घरातल्या सोफ्याच्या कापडावर दोन महिने चर्चा होते आणि भिंतीत कायमचं काय जाणार यावर दहा मिनिटंही नाही. वायर दिसते म्हणून नको, हे कारण मला आजही पटत नाही, कारण नीट घातलेली वायर दिसतच नाही. दिसतात ती जागोजागी प्लगला लटकलेली मेशची युनिटं.

तुमचं घर तयार झालेलं दिसतंय, तर टीव्हीच्या पाइपांचा शोध घ्या. विजेच्या वायरींच्या पाइपात मात्र डेटाची वायर घालू नका. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारून कडेच्या पट्टीतून न्या.

अजून काही बारीकसारीक. राउटरला मागे यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली असेल तर काढून बघा. तिच्यामुळे २.४ गिगाहर्ट्झला गोंगाट होतो, इंटेलने २०१२ मध्येच हे मांडलंय. मायक्रोवेव्हही २४५० मेगाहर्ट्झवर चालतो, त्याच्या शेजारी स्पीकर नको. ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ यांतलं चॅनेल असेल आणि राउटरला रडार जाणवलं, तर नियमाप्रमाणे त्याला चॅनेल सोडावं लागतं आणि सगळं एकदम तुटतं. ३६ ते ४८ वर ठेवून पाहा. लाइट जाऊन आल्यावरच त्रास होत असेल तर राउटर आणि फायबरचा डबा छोट्या यूपीएसवर टाका आणि स्पीकरचे आयपी पत्ते, म्हणजे घरच्या नेटवर्कमधले त्यांचे नंबर, राउटरमध्ये पक्के करा.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: सगळ्याच स्पीकरना लॅनचं, म्हणजे नेटवर्कची वायर लावायचं, भोक नसतं, काहींना वेगळा अॅडाप्टर लागतो, विकत घेण्याआधी बघा. सोनॉस या कंपनीच्या जुन्या स्पीकरपैकी एकाला वायर लावली की ते आपसांत स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतात, तेही २.४ वर. अशा वेळी राउटरचं आणि त्यांचं चॅनेल वेगळं ठेवा. आणि त्यांतल्या दोनांना वायर लावलीत तर स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारा डबा, स्पॅनिंग ट्री (लूप ओळखून तोडण्याची पद्धत) समजणारा हवा, नाहीतर लूप होऊन घरातलं अख्खं नेटवर्क बसतं. सोनॉसचे नवे इरा स्पीकर हा प्रकार करत नाहीत.

कुठली सिस्टिम आहे, गाणं कुठल्या खोलीतून सुरू करता आणि आधी कुठली खोली जाते, हे खाली लिहा. प्लॅन वाढवण्याचा फोन तोवर करू नका.