बर्फातील चाल : थंडी, घाम आणि उतार

हिवाळा जवळ आला की या सदराकडे बर्फातील पदभ्रमणाविषयीची पत्रे वाढू लागतात. त्यांतील चार प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. बहुतेक पत्रांत विचारणा असते ती थंडीची. माझ्या मते बर्फात चालणाऱ्याने थंडीच्या आधी घामाचा आणि उताराचा विचार करावा, कारण नीट तयारी केलेला माणूस नुसत्या थंडीने सहसा अडचणीत येत नाही. तो अडचणीत येतो ओल्या कपड्यांमुळे आणि घसरलेल्या पावलामुळे.

प्रश्न : आमचा पुण्यातील गट सह्याद्रीत नियमित भटकंती करतो. येत्या जानेवारीत आम्ही उत्तराखंडातील केदारकंठा शिखरावर जाणार आहोत. एक जाड जॅकेट पुरेल की स्वेटरही घ्यावेत? सह्याद्रीत वापरतो तेच बूट चालतील का?

उत्तर : सांक्री हे पायथ्याचे गाव सुमारे ६,४०० फुटांवर आहे आणि केदारकंठ्याचा माथा सुमारे १२,५०० फुटांवर. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, असे धरले तर गाव आणि माथा यांत सुमारे बारा अंशांचा फरक पडतो. त्यात वाऱ्याची भर घाला. हवा उणे दहा अंश असताना ताशी तीस किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ती थंडी जवळजवळ उणे वीस अंशांइतकी जाणवते. माथ्याची चढाई पहाटेच्या अंधारात सुरू होत असल्याने हा हिशेब आपल्याला प्रत्यक्ष उपयोगी पडेल.

तरीही एकच जाड जॅकेट हे त्याचे उत्तर नाही. चढावर अंग तापते, जॅकेटच्या आत घाम साठतो, आणि विश्रांतीसाठी थांबताच तोच ओलावा शरीरातील ऊब वेगाने काढून घेऊ लागतो. म्हणून कपडे थरांनी घालावेत. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा, पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस (लोकरीसारखे उबदार कृत्रिम कापड), आणि सर्वांत वर वारा व बर्फ अडवणारे, जलरोधक विंडचीटर. पिसांचे जाड जॅकेट पाठीवरच्या सॅकमध्ये वरच ठेवावे आणि थांबल्यावर अंगात घालावे, चालताना नव्हे. निघताना किंचित थंडी वाजत असेल तर आपण कपडे बरोबर घातले आहेत असे समजावे. घरी विणलेला लोकरी स्वेटर असेल तर तो मधल्या थरासाठी जरूर घ्यावा. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब टिकवते. सुती बनियन आणि जीन्स मात्र घरीच ठेवा. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि सुकता सुकत नाही.

बुटांबाबत आपल्याला थोडा खर्च करावा लागेल. सह्याद्रीतील तापलेल्या कातळावर मऊ रबराचा, हलका, जाळीदार बूट उत्तम पकड देतो. पण बर्फात त्याच जाळीतून पाणी आत शिरते आणि मऊ तळवा घट्ट बर्फात रोवला जात नाही. घोट्याच्या वर येणारा, जलरोधक, ताठ तळव्याचा बूट घ्यावा, आणि तो जाड लोकरी मोजे घालूनच मापून पाहावा. याबद्दल मी आग्रही आहे, कारण घट्ट बुटात दोन मोजे कोंबणारे अनेक जण असतात. बोटे हलायला जागा नसेल तर रक्तप्रवाह मंदावतो, आणि हिमदंशाची, म्हणजे थंडीने बोटे गोठून इजा होण्याची, सुरुवात नेमकी तिथूनच होते. बुटावर गेटर्स (पोटरीपासून बुटापर्यंतचे आवरण) बांधले म्हणजे वरून बर्फ आत जात नाही. एक कोरडा मोज्यांचा जोड केवळ झोपण्यासाठी राखून ठेवावा. तो कितीही मोह झाला तरी दिवसा घालू नये.

रात्रीसाठी स्लीपिंग बॅगइतकेच लक्ष तिच्याखालच्या कॅरीमॅटकडे, म्हणजे फोमच्या चटईकडे, द्यावे. अंगाच्या भाराने बॅगेची खालची बाजू चेपते आणि ऊब धरणारी हवा तेथे उरत नाही, त्यामुळे गोठलेल्या जमिनीपासून संरक्षण मिळते ते कॅरीमॅटचेच.

प्रश्न : ट्रेक नेणारी संस्था मायक्रोस्पाईक देणार आहे. मग क्रॅम्पॉन आणि आईस ॲक्स यांची गरज कोणाला असते? हौसेने विकत घ्यावेत का? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : गरज कशाची आहे हे उतार ठरवतो. मायक्रोस्पाईक म्हणजे रबरी पट्ट्याने बुटावर ताणून बसवायची साखळी, जिला साधारण एक सेंटिमीटरचे दाते असतात. तुडवून कडक झालेल्या पायवाटेवर आणि सौम्य चढ-उतारावर ती छान काम करते. केदारकंठ्याच्या मळलेल्या वाटेवर मार्गदर्शकाबरोबर जाणाऱ्याला सहसा तेवढी पुरते. परंतु उतार तीव्र झाला आणि पाऊल आडवे टाकावे लागले की रबरी पट्टा बुटावरून सरकतो, आणि छोटे दाते टणक बर्फात पुरेसे शिरत नाहीत. तेथे बुटाखाली बांधायचे, दहा किंवा बारा दात्यांचे पोलादी क्रॅम्पॉन लागतात. ते सगळ्याच बुटांना चालत नाहीत. बुटांच्या ताठरपणाचे बी-१, बी-२, बी-३ आणि क्रॅम्पॉनचे सी-१, सी-२, सी-३ असे वर्ग रूढ आहेत. बी-१ या सर्वांत कमी ताठ बुटाला सी-१ क्रॅम्पॉनच लावावेत. मऊ बुटावर कडक क्रॅम्पॉन लावले तर ते ऐन उतारावर निसटू शकतात.

क्रॅम्पॉन आले की आईस ॲक्स, म्हणजे बर्फात रोवायची कुऱ्हाड, आलीच. चालण्यासाठी सरळ दांड्याची, साधारण ५५ ते ६५ सेंटिमीटर लांबीची ॲक्स योग्य असते. ती नेहमी डोंगराकडच्या हातात धरावी, दिशा बदलली की हातही बदलावा. घसरताच तिच्या पात्यावर छातीचा भार टाकून स्वतःला थांबवता आले पाहिजे, आणि तेही पहिल्या क्षणांत. कारण टणक बर्फावर वेग इतका झपाट्याने वाढतो की नंतर ते जवळजवळ अशक्य होते. पोटावर, पाठीवर, डोके खाली असताना, अशा सर्व स्थितींत हा सराव करावा लागतो. तो खाली सपाट, मोकळी जागा असलेल्या उतारावर, जाणकाराच्या देखरेखीखाली आणि पायांतील क्रॅम्पॉन काढून करावा. म्हणून हौसेने विकत घेऊ नका, आधी शिका. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत किंवा मनालीच्या संस्थेत होणाऱ्या प्राथमिक अभ्यासक्रमात बर्फावरील चालीचे हे शिक्षण मिळते. सॅकला ॲक्स अडकवून तिचा वापर न जाणणारा माणूस तिच्या भरवशावर नको त्या उतारावर जातो, आणि ती नसती तर तो तिथे गेला नसता, हे मला फार चिंतेचे वाटते.

आणखी एक सवय लावून घ्या. दाते बुटाला लावायचे ते उतार सुरू होण्याआधी, सपाट जागेवर, हात उबदार असताना. घसरू लागल्यावर वाकून पट्टे आवळायला जागाही नसते आणि बोटांत बळही नसते.

प्रश्न : मी शिक्षणासाठी एडिनबरा येथे राहते. येथील मित्र डिसेंबरमध्ये केर्नगॉर्मच्या पठारावर चालायला बोलावत आहेत. स्कॉटलंडमधील सर्वांत उंच बेन नेव्हिस १,३४५ मीटर, म्हणजे आपल्या १,६४६ मीटरच्या कळसूबाईहूनही बुटका. एवढ्या डोंगरांसाठी इतकी साधने खरोखर लागतात का?

उत्तर : लागतात, आणि काही बाबतींत केदारकंठ्यापेक्षा अधिक. उंचीच्या आकड्यावरून तेथील हिवाळ्याचा अंदाज बांधता येत नाही. केर्नगॉर्मच्या माथ्यावर मार्च १९८६ मध्ये ताशी १७३ मैलांचा झोत नोंदला गेला आहे. तेथील थंडी ओली असते. तापमान शून्याच्या आसपास घुटमळते, पाऊस आणि बर्फ एकाच दिवसात आलटून पालटून येतात, आणि भिजलेले पिसांचे जॅकेट निरुपयोगी होते. म्हणून तेथे कृत्रिम तंतूंचे भरीव जॅकेट आणि चांगल्या प्रतीचा जलरोधक कोट व पँट यांवर खर्च करावा. हातमोज्यांचे दोन-तीन जोड न्यावेत, कारण पहिला जोड भिजणार हे गृहीतच धरायचे असते.

डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम पावणेसात तासांचा असतो आणि साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. हेडटॉर्च आणि जादा बॅटरी सोबत हवीच. पठारावर ढग उतरले की आभाळ आणि जमीन एकच पांढरी होतात. कड्याच्या काठावर वाऱ्याने साचलेला बर्फाचा छज्जा त्या वेळी पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. कागदी नकाशा आणि होकायंत्र वापरता येणे येथे बुटांइतकेच आवश्यक आहे. मोबाइलची बॅटरी थंडीत अचानक मान टाकते. नोव्हेंबर १९७१ मध्ये याच पठारावर आपल्याच एडिनबरा शहरातील एका शाळेचे पाच विद्यार्थी आणि त्यांची तरुण सहायक मार्गदर्शक हिमवादळात अडकून मरण पावले. ब्रिटनमधील गिर्यारोहण शिक्षणात आजही त्या घटनेचा विचार होतो.

हिमस्खलनाचा धोकाही आहेच. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, विशेषतः वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ जिथे साचतो त्या आडोशाच्या बाजूला, तो सर्वाधिक असतो. स्कॉटलंडची हिमस्खलन माहिती सेवा हिवाळ्यात सहा विभागांसाठी रोज अंदाज प्रसिद्ध करते. तो आदल्या संध्याकाळी वाचून मगच वाट ठरवावी. आपल्या मित्रांना दोन प्रश्न जरूर विचारा : अंदाज कोण वाचणार आहे, आणि किती वाजता, कुठे असलो तरी माघारी वळायचे? या दोहोंची स्पष्ट उत्तरे मिळाली नाहीत, तर या खेपेस खालच्या दरीतील वाटांवर चालावे, असे मी आपल्याला मनापासून सुचवीन.

प्रश्न : मला चष्मा आहे. बर्फात काळा चष्मा आवश्यक आहे का? आणि पाणी गोठते म्हणतात, ते कसे टाळावे? (ठाण्याहून एक वाचक)

उत्तर : काळा चष्मा अनिवार्य आहे. ताजा बर्फ सुमारे ऐंशी टक्के अतिनील किरणे परावर्तित करतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही डोळे भाजल्यासारखे होऊन काही तास दिसेनासे होऊ शकते. आपल्या चष्म्यावर बसणारा, कडा झाकणारा गॉगल घ्यावा, किंवा आपल्या नंबरच्या गडद काचा करून घ्याव्यात. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांपाशीही सनस्क्रीन लावावे, कारण ऊन खालूनही येते. पाण्यासाठी नळीची पिशवी नेऊ नका. नळी सर्वांत आधी गोठते. रुंद तोंडाच्या बाटलीत कोमट पाणी भरून ती लोकरी मोज्यात घालावी आणि सॅकमध्ये उलटी ठेवावी. पाणी वरून गोठत येते, त्यामुळे झाकण मोकळे राहते. झाकण घट्ट लागते की नाही, हे मात्र घरीच तपासून घ्या.