गोव्यात राहून ख्रिस्ती माणसाने आपलं आध्यात्मिक जीवन शुद्ध कसं ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की मूळचे नगरकडचे आहात, नोकरीसाठी मडगावला आलात, खोलीवरचे सोबती हिंदू आहेत, चवथीला (गणेशचतुर्थीला) आपल्या घरी चल म्हणतात, शनिवारी रात्री बाटली उघडतात, शिवाय हातात मोबाईल आहेच. आणि चर्चच्या मंडळीतले एक काका म्हणतात की गणपतीचा प्रसाद खाल्लास तर तुझं आत्मिक जीवन बाटलं.

उत्तर लिहिणार नव्हते. पण 'बाटलं' हा शब्द वाचला आणि गॅस बंद करून बसले.

मीही नगर जिल्ह्यातलीच, चौथ्या पिढीची ख्रिस्ती. नवरा इथल्याच सासष्टी तालुक्यातला कॅथलिक. चोवीस वर्षं गोव्यात आहे आणि त्यातली बहुतेक ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, नर्स म्हणून गेली. रोज शास्त्र वाचा, प्रार्थना करा, उपासना चुकवू नका हे मी सांगत बसत नाही, काकांनी सांगितलंच असेल.

ओटीत शुद्ध या शब्दाला फार नेमका अर्थ असतो. 121 अंशांवर, 15 पौंड दाबाखाली, निदान 15 मिनिटं वाफेत राहिलं की सामान स्टराईल, म्हणजे पूर्ण जंतुमुक्त. सामानाच्या ड्रमवर चिकटवलेल्या टेपच्या रेघा काळ्या पडतात. नव्या मुलींना वाटतं, रेघ काळी झाली म्हणजे झालं. ती टेप फक्त एवढंच सांगते की ड्रम मशीनमध्ये जाऊन आला. आत वाफ नीट पोचली का, हे तिला ठाऊक नसतं. रविवारी इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या बाकावर बसणारे पाहिले की मला ती टेप आठवते. मी स्वतः दुसऱ्या बाकावर बसते.

हात मात्र कधीच स्टराईल होत नाहीत, कोपरापर्यंत कितीही घासा. म्हणून वर ग्लोव्हज. ग्लोव्ह मास्कला लागला, दिव्याच्या दांडीला लागला, तर तिथल्या तिथे मोठ्याने सांगायचं, 'माझा हात लागला', आणि बदलायचा. सर्जन ओरडतो, ओरडू दे. हात सगळ्यांचेच लागतात. ज्या मुलीचा लागला आणि ती गप्प राहिली, तिला मी पुन्हा टेबलाजवळ उभं केलं नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात 'आपण आपली पापे पदरी घेतली तर' असं आहे बघा. मराठीत किती छान शब्द आहे, पदरी घेणं. कॅथलिक लोक निदान कुमसाराला, म्हणजे पापांच्या कबुलीला, जाऊन पाद्रीसमोर बोलतात तरी. आपण प्रॉटेस्टंट थेट देवालाच सांगतो म्हणतो, आणि पुष्कळदा त्यालाही सांगत नाही.

आता तुमच्या काकांकडे येते, कारण मी त्यांना ओळखते. म्हणजे त्यांना नाही, पण माझ्या घरात तसाच एक होता.

माझा धाकटा भाऊ 2009 मध्ये माझ्याकडे आला, वास्कोला कामाला लागला. प्यायचा. दोन वर्षांत दोनदा ॲडमिट केला. मग कोणीतरी त्याला बिलिव्हर्सच्या, म्हणजे नव्या पंथातल्या कडक ख्रिस्ती लोकांच्या, एका गटात नेलं आणि तिथे त्याची दारू सुटली. ती खरंच सुटली. पण ग्लास खाली ठेवलेल्या हातांना काहीतरी काम हवं होतं, म्हणून तो घराची झडती घेऊ लागला. नवऱ्याच्या घरचा अल्तार, म्हणजे घरातली वेदी, ही मूर्तिपूजा. वाड्यावर घरोघरी फिरणारी सायबीण, म्हणजे मारियेची मूर्ती, आमच्याकडे आली की हा बाहेर जाऊन उभा राहायचा. शेजारच्या वहिनीने तुळशीच्या लग्नाचे पोहे दिले तर वाटी तशीच परत. नाताळात मात्र आम्ही त्यांच्याकडे दोदोल आणि बिबिंकाचं ताट पाठवायचो, ते त्याला चालायचं! आपलं त्यांनी खावं, त्यांचं आपण खाऊ नये. याला आमच्या आजीच्या वेळी सोवळं म्हणत.

आणि त्यातून आलेलो आपण. लक्ष्मीबाई टिळक ख्रिस्ती झालेल्या नवऱ्यापाशी परत आल्यावरही काही काळ आपलं सोवळं आणि पाणी वेगळं ठेवत होत्या, मग एक दिवस ते सगळं त्यांनी स्वतःच टाकून दिलं. त्या बाईने जे शंभर वर्षांपूर्वी टाकलं, ते आमच्या या दादासाहेबांनी, म्हणजे भावाने, उचलून पुन्हा अंगावर घेतलं, फक्त वर क्रूस लावला.

घरात आजोबांचे टाळ होते. आजोबा गावच्या मंडळीत भजन धरायचे. मिशनरी आमच्या लोकांना इंग्रजी चालीवर बसवलेली गीतं गायला लावत होते, तेव्हा लक्ष्मीबाईंचे यजमान रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी आमच्या हातात पुन्हा टाळ-चिपळ्या दिल्या, अभंगात येशू गायला शिकवलं. आजोबांच्या पिढीचा विश्वास त्या भजनांवर पोसला. काशाचे जड टाळ, दोरी तेलकट काळी झालेली. आजी गेल्यावर ते माझ्याकडे आले. दर रविवारी संध्याकाळी मी मुलांना घेऊन एक भजन म्हणायचे, नवरा बिचारा चुकीच्या ठेक्यावर टाळ्या वाजवायचा.

भावाचं म्हणणं, हे टाळ पंढरपुरात घेतलेले आहेत. खरं होतं. आजोबांनी ते तिथेच घेतले होते, चांगले टाळ आणखी कुठे मिळणार? 'विठोबाच्या दारातली वस्तू घरात ठेवून आशीर्वाद कुठून येईल, ताई?'

मी तेव्हा जे बोलले ते आजही बोलेन. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 मध्ये गोव्यात आला, इथेच राहिला, इथेच मेला. त्याने येशूची कथा दहा हजारांहून जास्त मराठी ओव्यांत रचली आणि ती 1616 मध्ये सासष्टीतल्या राशोलला छापली. भाषांमधली चोखळ भाषा मराठी, असं त्याने लिहून ठेवलं. चोखळ म्हणजे शुद्धच ना? ओवी त्याला कुठून मिळाली? ज्ञानोबांच्या वाटेनेच मिळाली. ओवी चालते आणि टाळ बाटवतो, हा कुठला हिशोब?

दुसरं, शुद्धता स्वयंपाकघरात शोधायचा प्रयोग याच गोव्यात होऊन गेलाय. 1560 ते 1812, मधली चारेक वर्षं सोडली तर इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, इथे होतं. 1736 च्या हुकुमात नव्या ख्रिस्ती लोकांनी बिनमिठाचा भात शिजवू नये, घरी तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये, असली कलमं होती. भाताच्या तपेल्यात बोट घालून बघायचं की हा ख्रिस्ती खरा की खोटा! त्याने कोणाचं हृदय शुद्ध झालं? लोक घाबरले, आणि एकमेकांवर चुगल्या करायला शिकले.

भाऊ म्हणाला, 'ते कॅथलिकांचं पाप, आमचं नाही.' नवरा शेजारीच जेवत होता. त्याने फक्त कढी वाढून मागितली.

त्या वर्षी चवथीनंतर एका सकाळी टाळ खुंटीवर नव्हते. विचारलं तर म्हणाला, जुवारी नदीत टाकले. पुलावर बस हळू झाली आणि खिडकीतून टाकले. तेव्हा नवा पूल नव्हता, जुन्यावर बस मुंगीसारखी सरकायची. त्याच पुलावरून लोक निर्माल्याच्या पिशव्या टाकायचे. त्याने विसर्जनच केलं की, आणि त्याला ते कळलंही नाही.

मी त्याला त्याच दिवशी घराबाहेर काढलं. त्यानंतर आम्ही बोललो नाही. आईच्या मातीलासुद्धा दोन बाजूंना उभे होतो.

प्रसादाबद्दल आता सरळ सांगते. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा दहावा अध्याय उघडा. बाजारात जे विकतात ते विवेकबुद्धीसाठी चौकशी न करता खा, हे माझं वचन. तीन वचनं पुढे, 'हे अर्पण केलेलं आहे' असं कोणी सांगितलं तर खाऊ नका, हे भावाचं वचन. एकाच पानावर दोघांची हत्यारं. आणि मार्काच्या सातव्यात प्रभू म्हणतो, बाहेरून आत जातं ते माणसाला विटाळवत नाही, आतून निघतं ते विटाळवतं. माझं मत, जा. गणपतीवर टांगलेली मातोळी बघा, तिला बांधलेली एकेक रानफळं बघण्यासारखी असतात. मनाला पटत नसेल तर आरतीच्या वेळी बाहेर बसा, कोणी काही म्हणणार नाही, गोव्यातल्या लोकांना याची सवय आहे. घरच्या बाईंना आधीच नम्रपणे सांगा, मी नैवेद्याचं घेत नाही, साधं जेवण वाढा. की खा खुशाल. दोन्ही चालेल. फक्त तोंड वाकडं करू नका.

बाटलीबद्दल माझ्याकडून उदारपणाची अपेक्षा ठेवू नका. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला वगैरे मला सांगायचं नाही, मी भावाचं लिव्हर रिपोर्टात पाहिलंय. शनिवारी रात्री खोलीवर थांबू नका, एवढं पुरे. मोबाईल झोपताना दुसऱ्या खोलीत. वाईट विचार सगळ्यांना येतात, तुम्हाला वेगळे येत नाहीत.

आणि बिलिव्हर्सबद्दल वर जे लिहिलं त्यात एवढं जोडते की माझ्या भावाला आम्ही कोणी वाचवू शकलो नाही, ना मी, ना डॉक्टर, ना माझी भजनं. त्यांनी वाचवलं. ते लोक त्याच्याबरोबर रात्र रात्र बसले. याकोबाच्या पत्रात शुद्ध धर्म म्हणजे अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं असं म्हटलंय. त्या हिशोबाने ते माझ्यापेक्षा शुद्ध ठरतात.

आणखी एक. टाळांची गोष्ट मी चवथीपासून सुरू केली, पण चवथीचं सांगितलंच नाही. नगरच्या नातेवाइकांनाही कधी सांगितलेलं नाही. शेजारच्या वहिनीने नैवेद्याच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, दिल्या होत्या. भावाने विचारलं, कुठल्या? मी म्हटलं, बेकरीतल्या. त्याने तीन खाल्ल्या. संध्याकाळी वहिनी आली तेव्हा तिच्यासमोर, मुलांसमोर, हसत हसत मी सांगितलं की बघा, आमच्या पवित्र माणसाने प्रसाद खाल्ला आणि अजून जिवंत आहे. सगळे हसले. तो उठून मोरीत गेला आणि बोटं घालून ओकला. तेव्हा त्याला दारू सोडून जेमतेम वर्ष झालं होतं. करिंथकरांच्या त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात, दुबळ्या भावाला अडखळवू नका, असं पौलाने जे लिहिलंय ते मला तोंडपाठ होतं, रविवारच्या शाळेत बक्षीस मिळालेलं. टाळ दुसऱ्या दिवशी गेले.

तेव्हा काकांशी वाद घालायचा तर घाला, पण त्यांच्या ताटात काही सरकवू नका.

गेल्या महिन्यात भाचीचा मेसेज आलाय. 'आत्या, पप्पा विचारतायत तसले टाळ आता पंढरपूरला कितीला मिळतात.' अजून उत्तर दिलेलं नाही, भाव ठाऊक नाही हे एक कारण. तिकडचं कोणी वाचत असेल तर काशाच्या टाळांच्या जोडीचा, वजनदार, भजनातल्या, सध्याचा भाव मला कळवा.