पाळणाघराचे जुने कागद किती वर्षं ठेवायचे?

ताई, तुम्ही विचारलंय की घरीच पाळणाघर आहे, बारा वर्षांचे फॉर्म, हजेरीच्या वह्या, पावतीपुस्तकं सगळं माळ्यावर साठलंय, तर यातलं रद्दीत काय घालू. मीपण मुलुंडला १९ वर्षं पाळणाघर चालवतेय, म्हणून सांगते, सगळ्या कागदांना एकच मुदत लावू नका.

पैशाचं सोपं आहे. फीच्या पावत्या, पासबुक, मावशींच्या पगाराची वही हे सगळं आमचे सीए असेसमेंट इयर (कमाईच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून ६ वर्षं ठेवायला सांगतात, म्हणजे २०१७-१८ च्या पावत्या मार्च २०२५ नंतर मोकळ्या.

पण मुलांची नोंदवही प्लीज टाकू नका! मूल पडलं, टाके पडले, भाजलं, कोणी तक्रार केली, असं काही ज्यात लिहिलंय ती वही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात अज्ञान, म्हणजे १८ च्या आतल्या, मुलाची कोर्टात दावा करायची मुदत तो १८ चा झाल्यावर मोजायला लागतात, आणि पुढे साधारण ३ वर्षं, म्हणजे आज दोन वर्षांच्या मुलाला लागलं तर ते पान तो २१ चा होईपर्यंत तुमच्याकडे हवं. आणि लैंगिक छळाच्या गंभीर गुन्ह्याला तर मुदतच नाही, तसली साधी शंका जरी लिहिलेली असेल तरी ते पान कायमचं ठेवा.

कोर्टाचं सोडा, वही आईबापांनाही लागते. माझ्याकडच्या एका मुलाला दीड वर्षाचा असताना तापात झटका आला होता, सहा वर्षांनी त्याची आई आली की डॉक्टर विचारतायत पहिला झटका कधी आणि किती वेळ. वहीत होतं, दुपारी ३.१०, ताप १०३, साधारण दोन मिनिटं, डावा हात जास्त हलत होता. तिने तिथेच उभ्याने फोटो काढला.

रोजची हजेरी, डब्याच्या याद्या मी मूल गेल्यावर ३ वर्षांनी काढते, पण अपघाताच्या दिवसाची हजेरी त्या पानालाच पिन करून. ॲडमिशन फॉर्म आणि आधारच्या झेरॉक्स मात्र अख्ख्या रद्दीवाल्याला देऊ नका हो, त्यात पत्ता, फोन, मुलाला न्यायला कोण येतं सगळं असतं, आणि आपल्याकडे रद्दीच्या कागदाचा उद्या भेळेचा पुडा होतो. पाण्यात भिजवून लगदा करा. फोनमधले जुन्या मुलांचे फोटोही तेव्हाच डिलीट करा.

आणि नोंदवही माळ्यावरून आधी खाली काढा, पावसाळ्यात कसर लागते. मी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवते आणि वर मुलाचं नाव न लिहिता फक्त 'टाकायचं वर्ष' लिहिते.