आईला डर्मॅटोमायोसायटिस झालाय. स्टिरॉइडशिवाय दुसरं औषध नाही का?

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्नायूंवर आणि त्वचेवर उलटते. सुरुवात स्टिरॉइडशिवाय करायचा विचार सोडा. मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सोबत देतात, पण त्यांचा गुण यायला कित्येक आठवडे जातात, अझाथायोप्रिनला तर महिने. तोवर स्नायू झिजत राहतात.

माझ्या ताईला हाच आजार आहे, म्हणून इतकं ठासून लिहितेय. केस विंचरायला हात वर जाईना, खाली बसली तर उठवायला माणूस लागे. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं आणि ती पुन्हा जिना चढू लागली. पण चेहरा सुजला, आणि आमच्या काकांनी धोशा लावला, "विष आहे ते, बंद कर." शेवटी ताईने कुणाला न सांगता गोळ्या एकदम सोडल्या. उलट्या, भोवळ, रक्तदाब पार खाली. रात्रीच ॲडमिट करावं लागलं. बरेच दिवस स्टिरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी करतं, त्यामुळे डोस हळूहळूच उतरवावा लागतो. एवढं होऊनही काका चारचौघांत सांगतात, "पोरीला औषध सोसलं नाही." सोसत होतं. ते सोडायला लावलं म्हणून ती पडली.

तेव्हा डॉक्टरांना "स्टिरॉइड नको" म्हणू नका. दुसरं औषध कधी जोडणार आणि डोस कधीपासून उतरवणार, ते विचारा. ताईचं स्टिरॉइड मेथोट्रेक्सेटमुळेच कमी करता आलं. तेवढ्याने भागलं नाही तर आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडी, आहे, महाग असलं तरी. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या प्रोडर्म चाचणीत 16 आठवड्यांनी ते घेणाऱ्या 79 टक्के रुग्णांत सुधारणा दिसली, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं द्रव्य, मिळालेल्यांत 44 टक्के. मात्र त्यात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. रिटुक्सिमॅब त्याही पुढचं. फुफ्फुसांवर परिणाम असेल तर मायकोफेनोलेट किंवा टॅक्रोलिमसचा विचार होतो.

हो, स्टिरॉइड निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. सीपीके, म्हणजे स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल आलं तरी मांड्यांतली ताकद जातच असेल, तर ते स्टिरॉइडमुळेही असू शकतं. डॉक्टरांना लगेच सांगा. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. गोळ्यांची डबी तुमच्याच ताब्यात ठेवा. भेटायला येणाऱ्या वडीलधाऱ्यांना चहा द्या, प्रिस्क्रिप्शन दाखवू नका.